चाकांवरचे बिऱ्हाड

प्रवासवर्णनात एक दिवस नेहमी गाळलेला असतो. लेखक सोमवारी धबधबा पाहतो, मंगळवारी किल्ला चढतो आणि पान उलटले की एकदम गुरुवार उजाडतो. मधल्या बुधवारी त्या बिचाऱ्याने कपडे धुतलेले असतात, सुटे पैसे करून आणलेले असतात, चपलेचा तुटका अंगठा शिवून घेतलेला असतो. पण ते लिहिण्याजोगे नाही, असे आपण सर्वांनी मिळून ठरवून टाकले आहे. मला मात्र वाटते की, घर असो वा प्रवास, त्याचे खरे रूप या बुधवारीच दिसते. पाहुण्यांना आपण दिवाणखाना दाखवतो. घर चालते ते मोरीवर आणि माळ्यावर.

तेव्हा मी येथे एक बुधवारच सांगणार आहे. २०२४ च्या सप्टेंबरात मी आणि आमचे हे, असे दोघे, माझ्या धाकट्या बहिणीच्या मोटारघरातून तीन आठवडे अमेरिकेत हिंडलो. त्यातला हा एक दिवस. स्थळ साउथ डकोटा राज्यातले रॅपिड सिटी हे गाव. त्या दिवशी आम्ही सहा कामे उरकली आणि तीन प्रेक्षणीय स्थळे पाहिली. जास्त आठवणीत काय राहिले, ते वाचकांच्या लक्षात येईलच.

घर विकले, घर घेतले

धाकटी चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन शिकागोकडे गेली. पुढे तिकडच्या रीतीप्रमाणे दोन मजली घर झाले, मागे हिरवळ झाली, मुलगा शिकून दूर नोकरीला गेला. मेहुणे निवृत्त झाले आणि २०२२ साली दोघांनी ते घर विकले. आम्हाला वाटले, आता लहानसे घर घेतील. घेतले खरे, पण ते होते बत्तीस फूट लांब, साडेआठ फूट रुंद आणि चाकांवरचे!

“विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर” ही म्हण आपल्याकडे कौतुकाने वापरीत नाहीत. त्यामुळे फोनवर ही बातमी ऐकून मी जे काही बोलले, ते सगळे येथे छापण्यासारखे नाही. अडुसष्टाव्या वर्षी माणसाने घर बांधावे, की मोडावे? धाकटी एवढेच म्हणाली, “ताई, तू येऊन बघ. मग बोल.”

अमेरिकेत मात्र या प्रकाराचे कुणाला नवल वाटत नाही. मोटारीतच बिछाना आणि धुण्याचे भांडे बसवलेली पिअर्स-ॲरो कंपनीची गाडी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात १९१० साली मांडली गेली होती. १९१९ साली फ्लॉरिडात अशा हौशी प्रवाशांनी आपला संघच काढला आणि त्याला नाव दिले ‘टिन कॅन टुरिस्ट्स’, म्हणजे डबेवाले प्रवासी! आज अमेरिकेतली बहुतेक मोटारघरे इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी आणि त्याच्या आसपास बनतात. बहिणीच्या गाडीत स्वयंपाकाचा ओटा आहे, गॅसची शेगडी आहे, शीतकपाट आहे, न्हाणीघर आहे. मुक्कामाला पोहोचल्यावर बटण दाबले की बैठकीची एक भिंतच तीन फूट बाहेर सरकते आणि खोली ऐसपैस होते. जेवणाचे टेबल खाली पाडले की आम्हा दोघांचा पलंग. या सगळ्याच्या मागे एक लहान मोटार दोरीला बांधलेल्या वासरासारखी ओढत न्यायची. कारण हे धूड सगळीकडे जात नाही. जवळच्याच कस्टर स्टेट पार्कात ‘नीडल्स आय’, म्हणजे सुईचे नेढे, नावाचा खडकातला बोगदा आहे. तो आठ फूट रुंद आणि आमची गाडी साडेआठ! नेढ्यातून न जाणारा उंट मी प्रथमच पाहिला.

थंड पाण्याचे दुकान

आदल्या दोन रात्री आम्ही बॅडलँड्सच्या कडेला, बफेलो गॅप नावाच्या सरकारी गवताळ रानात होतो. लाकोटा लोक या मुलुखाला ‘माको सिका’, म्हणजे वाईट जमीन, म्हणत. इंग्रजी नाव त्याचेच भाषांतर. पावसाने चिरत चिरत मातीचे सुळके झालेले, त्यांवर तांबडे-पांढरे पट्टे. मुक्काम फुकट, पण जवळपास नळ नाही, वीज नाही, गटार नाही. त्यामुळे बुधवारी सकाळी पिण्याची टाकी जवळजवळ रिकामी, सांडपाण्याची भरलेली आणि धुण्याची पिशवी फुगलेली, अशा अवस्थेत आम्ही निघालो.

पहिला थांबा वॉल या लहानशा गावी. येथल्या ‘वॉल ड्रग’ या दुकानाची कथा कुणाही दुकानदाराने ऐकावी अशी आहे. टेड आणि डोरोथी हस्टेड या तरुण जोडप्याने १९३१ साली, मंदी ऐन भरात असताना, येथे औषधांचे दुकान घेतले. गिऱ्हाईक येईना. गाड्या समोरच्या रस्त्याने धुरळा उडवीत निघून जात. १९३६ च्या उन्हाळ्यात डोरोथीबाईंना वाटले, या उन्हात प्रवाशांना काय हवे असेल? बर्फाचे पाणी! “बर्फाचे पाणी फुकट” अशा पाट्या रस्त्याच्या कडेने लावल्या आणि माणसे थांबू लागली. आज ते दुकान म्हणजे एक जत्राच आहे. पाणी अजून फुकट आहे आणि कॉफी पाच सेंटला. आमचे हे पेल्यात पाणी ओतून घेत म्हणाले, “आपल्याकडे पाणपोई घालतात ती पुण्यासाठी. यांनी पाणपोईवर दुकान उभं केलं.”

येथून रॅपिड सिटी पश्चिमेला पंचावन्न मैलांवर. मोठे काम तिथेच होते.

गॅस, पाणी आणि दुसरे पाणी

गावात शिरताना प्रथम गॅस. शेगडी, पाणी तापवायचा बंब, रात्रीची ऊब आणि वीज नसेल तेव्हा शीतकपाटसुद्धा, सगळे गॅसवर. गॅसची टाकी गाडीच्या पोटात पक्की बसवलेली, म्हणून गाडीच पंपावर न्यावी लागते. भरण्यापूर्वी आतली प्रत्येक ज्योत विझवायची, माणसांनी खाली उतरायचे. टाकी काठोकाठ भरत नाहीत. शंभरातले ऐंशी भाग भरले की थांबतात, कारण उन्हाने गॅस फुगतो, त्याला जागा हवी.

मग तळावर आलो. मोटारघरांच्या अशा तळांवर प्रत्येकाला आखून दिलेली जागा, विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि जमिनीत मैलापाण्याचे तोंड मिळते. गाडी उभी केली की प्रथम ती सपाट उभी आहे ना, हे पाहायचे. नाहीतर भाजीचा रस्सा कढईच्या एका बाजूला आणि माणसे पलंगाच्या एका कडेला.

आता जे काम सांगते, ते प्रवासवर्णनात कधीच येत नाही. या घराला तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. आमची सत्तर गॅलनची, म्हणजे सुमारे दोनशे पासष्ट लिटरची. दुसरी अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची. तिसरी शौचकूपाची. मेहुण्यांनी रबरी हातमोजे चढवले, जाड नळी गाडीला आणि जमिनीतल्या तोंडाला जोडली. “आधी तिसरी टाकी सोडायची, मग दुसरी,” त्यांनी आमच्या ह्यांना समजावले. “म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी आपोआप धुऊन निघते. उलट केलं की पस्तावलात.” चांगल्या पाण्याची नळी वेगळी, पांढरी, ती या बाजूला फिरकूसुद्धा द्यायची नाही. पंधरा मिनिटांत काम झाले. मेहुण्यांनी हात स्वच्छ धुतले आणि चहा मागितला.

मेहुणे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले इंजिनियर. आपल्या आजोबांच्या काळी हे काम कुणाकडून करून घेतले जात असे, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. आणि आजही आपल्या गटारांत माणसे उतरवली जातात, हेही ठाऊक आहे. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागून घेण्यासाठी उपोषण केले होते आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी अन्न सोडले होते. येथे कुणाचेही उपोषण नाही, कसले तत्त्वज्ञान नाही. प्रत्येक गाडीचा धनी आपापले हातमोजे घालतो. घर लहान झाले की आपली घाण कुठे जाते, हे दिसू लागते. मोठ्या घराचा हा एक तोटा म्हटला पाहिजे, की तिथे ते दिसत नाही.

पाण्याचेही तसेच. रानातल्या दोन दिवसांत आम्ही चौघे त्या दोनशे पासष्ट लिटरांत राहिलो. अंग ओले करून नळ बंद, साबण लावून मग पुन्हा नळ. धाकटी तांदूळ धुतलेले पाणी सुद्धा फेकीत नसे. मी हसले तर म्हणाली, “हसतेस काय? तूच शिकवलंयस मला.” ते कसे, हे पुढे येईल.

एका रात्रीची पावती

यानंतर मोटारघर तळावरच ठेवून आम्ही लहान मोटारीने गावात गेलो. दिवसातले सर्वांत महत्त्वाचे काम होते ते मेहुण्यांचे आणि धाकटीचे: वाहन परवाना.

घर विकले की एक विचित्र अडचण उभी राहते. माणूस असतो, पैसा असतो, गाडी असते. पत्ता मात्र नसतो. आणि पत्त्यावाचून परवाना नाही, विमा नाही, बँकेचे काम नाही. येथे साउथ डकोटा राज्याने एक सोय करून ठेवली आहे. टपाल ठेवून घेऊन पुढे पाठवणाऱ्या एखाद्या दुकानात वार्षिक पैसे भरून एक पेटी घ्यायची. त्या पेटीचा क्रमांक हा तुमचा पत्ता. मग राज्यात निदान एक रात्र मुक्काम केल्याची तळाची किंवा हॉटेलची पावती दाखवायची, आपण रहिवासी आहोत असे प्रतिज्ञापत्र करायचे, इतर कागद द्यायचे. राज्याचा मिळकतकर नाही, म्हणूनही पुष्कळांचा ओढा इकडे. मतदारयादीत नाव घालण्यासाठी मात्र २०२३ साली तीस दिवस राहण्याची अट घातली गेली. फिरस्त्यांनी आपल्या निवडणुका ठरवाव्यात, हे गावकऱ्यांना साहजिकच रुचले नसावे.

दोन वर्षे या दोघांनी जुना परवाना मुलाच्या आधाराने कसाबसा चालवला होता. आज तो बदलायचा होता. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद तपासले, जुना परवाना ठेवून घेतला आणि धाकटीला विचारले, “हाच तुमचा कायमचा पत्ता ना?” धाकटी क्षणभर थांबली. मग “हो” म्हणाली आणि तिने सही केली. बाहेर आल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. घर विकल्याला दोन वर्षे झाली होती. पण मला वाटते, ते तिच्या हातून सुटले ते या खिडकीपाशी.

धुण्याच्या दुकानातली बाई

परवान्याचे काम झाल्यावर धुणे. पाव डॉलरची नाणी यंत्रात टाकायची, कपडे धुऊन घ्यायचे, दुसऱ्या यंत्रात वाळवून घ्यायचे, अशी ही दुकाने. धाकटी वर्षभर अशी नाणी एका बरणीत साठवते. आपल्याकडे पूर्वी दळणाचे पैसे डब्यात असत, तशी.

आमच्या शेजारच्या यंत्रापाशी एक सत्तरी उलटलेली गोरी बाई होती. तिचे बिऱ्हाड एका जुन्या व्हॅनमध्ये, एकटीचे. बोलता बोलता कळले, की तीही परवान्याच्याच कामासाठी गावात आली होती. तीच पेटी, तीच पावती, तेच प्रतिज्ञापत्र. फरक एवढाच, की हिने घर विकले नव्हते. ते गेले होते. २००८ च्या मंदीनंतर कर्जाचे हप्ते थकले आणि घर बँकेने घेतले. पुढच्या आठवड्यात ती उत्तरेला, नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवरच्या रेड रिव्हर खोऱ्यात, बीटच्या कापणीला जाणार होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ही कापणी निघते; साखर कारखान्यांना काही आठवडे माणसे हवी असतात, बारा बारा तासांच्या पाळ्या असतात आणि पुष्कळशी माणसे अशी गाडीतून येणारी म्हातारी-कोतारी असतात. जेसिका ब्रूडर या लेखिकेचे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक (२०१७) याच लोकांवर आहे. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. त्यातली नायिका सकाळच्याच त्या वॉल ड्रगमध्ये काम करताना दाखवली आहे.

मला आपले ऊसतोडीवाले आठवले. दसरा झाला की बीडकडची बिऱ्हाडे उसाच्या फडांकडे निघतात. भांडीकुंडी, मुलेबाळे, कोंबड्यासुद्धा बरोबर. तिकडची साखर बीटची, इकडची उसाची. पण दोन्हीकडे ती गोड व्हायला कुणाचे तरी बिऱ्हाड चाकांवर चढावे लागते.

बाईने जाताना धाकटीला एक कानमंत्र दिला: रात्री गाडी उभी करताना तोंड नेहमी रस्त्याकडे ठेवावे, निघायची वेळ आली तर मागे घ्यावी लागू नये. धाकटीने तो हसून घेतला. मेहुण्यांनी मात्र त्या रात्रीपासून गाडी तशीच लावायला सुरुवात केली.

ओढ्याकाठची हिरवळ

कपडे वाळत होते तेवढ्यात आम्ही पाय मोकळे करायला निघालो. या गावाच्या मध्यभागी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे माणसाएवढे कांस्य पुतळे उभे आहेत. त्यांच्याशी हस्तांदोलन करून लोक फोटो काढून घेतात. तिथून जवळच रॅपिड क्रीक नावाचा ओढा आणि त्याच्या काठाने लांबच लांब हिरवळ. एवढी मोक्याची जागा, आणि एकही घर नाही! आमच्या ह्यांना नवल वाटले. पाटी वाचल्यावर उलगडा झाला.

९ जून १९७२ च्या रात्री वरच्या डोंगरांत तुफान पाऊस झाला, ओढ्याला पूर आला, कॅनियन लेकचा बंधारा फुटला आणि पाण्याचा लोंढा झोपलेल्या गावात शिरला. २३८ माणसे मेली. नंतर गावाने ठरवले, की ओढ्याच्या काठी पुन्हा घरे बांधायची नाहीत. ती जागा कायमची बागांना आणि मैदानांना सोडून दिली.

पाटी वाचून आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे पाहत राहिलो. १२ जुलै १९६१! त्या दिवशी पानशेत फुटले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, धाकटी पाच. आमचे भाड्याचे बिऱ्हाड शनिवार पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. बाबांनी तिला खांद्यावर घेतले, आईने माझा हात धरला आणि आम्ही पर्वतीच्या वाटेला लागलो. परतलो तेव्हा वाड्याची मागची भिंत नव्हती आणि खोल्यांत गुडघाभर चिखल होता. पुढे पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या अर्धगोल पत्र्याच्या घरांत आमची दोन वर्षे गेली. खडकवासल्याचे धरणही फुटलेले, त्यामुळे पुण्याचे नळ कोरडे. मी विहिरीवरून कळशी आणीत असे आणि धाकटीला तांब्या मोजून पाणी देत असे. पाणी मोजायला तिला मी शिकवले ते तेव्हा.

“ताई,” धाकटी म्हणाली, “आई ते पत्र्याचं घर रोज सारवायची, आठवतं? शेजारच्या म्हणायच्या, कशाला एवढं, जायचंच आहे इथून. आई म्हणायची, आज इथं आहोत ना?”

मी फोनवर तिला जे काही बोलले होते, त्याचे उत्तर तिने असे दोन वर्षांनी दिले.

चार चेहरे आणि एक हात

धुणे घड्या करून, वाटेत किराणा घेऊन (तूरडाळ नव्हती, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीवर भागवले) आम्ही दुपारी डोंगरांकडे वळलो. रॅपिड सिटीपासून तासाभराच्या आत माउंट रशमोर येतो. वॉशिंग्टन, जेफर्सन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन यांचे साठ साठ फुटी चेहरे ग्रॅनाइटच्या कड्यात कोरलेले. शिल्पकार गटझन बोरग्लम यांनी १९२७ साली काम सुरू केले. मार्च १९४१ मध्ये ते वारले आणि त्यांच्या मुलाने, लिंकन बोरग्लम याने, ऑक्टोबरात ते आवरते घेतले. सुमारे चारशे कामगार राबले. त्यांतले पुष्कळ मंदीत बेकार झालेले खाणकामगार. रोज सकाळी सातशे पायऱ्या चढून हजेरी लावायची आणि दोरीला लोंबकळत दगड फोडायचा. नव्वद टक्के कोरीव काम सुरुंगाच्या दारूने झाले आणि तरीही या कामात एकही माणूस मेला नाही. मला त्या चार चेहऱ्यांइतकीच त्या सातशे पायऱ्यांची मौज वाटली.

पण हा डोंगर ज्यांचा होता, ते लाकोटा लोक त्याला ‘सहा आजोबा’ म्हणत. रशमोर हे नाव न्यूयॉर्कच्या एका वकिलाचे. १८६८ च्या तहाने हे ‘काळे डोंगर’, त्यांच्या भाषेत ‘पहा सापा’, लाकोटांचेच राहतील, असे अमेरिकन सरकारने लिहून दिले होते. १८७४ साली कस्टरच्या मोहिमेला तिथे सोने सापडले आणि १८७७ साली सरकारने डोंगर काढून घेतले. पुढे अनेक दशके दावे चालले. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की हा अन्याय झाला. व्याजासह दहा कोटींहून अधिक डॉलर भरपाई ठरवली. लाकोटांनी ती घेतली नाही. आम्ही डोंगर विकायला काढलेलेच नव्हते, असे त्यांचे म्हणणे. ती रक्कम सरकारकडे तशीच पडून आहे आणि वाढत वाढत शंभर कोटी डॉलरांच्या वर गेली आहे. जवळच्या पाइन रिज राखीव मुलुखात दारिद्र्य एवढे, की देशातल्या सर्वांत गरीब भागांत त्याची गणना होते. तरी त्या पैशाला कुणी हात लावलेला नाही.

तिथून सतरा मैलांवर दुसरा डोंगर आहे. हेन्री स्टँडिंग बेअर या लाकोटा पुढाऱ्याने कोरचाक झिओल्कोव्स्की या शिल्पकाराला बोलावले: आमचेही थोर पुरुष होते, हे जगाला कळू द्या. ३ जून १९४८ रोजी पहिला सुरुंग उडाला. घोड्यावर बसलेला लाकोटा वीर क्रेझी हॉर्स, उंची ५६३ फूट, लांबी ६४१ फूट, अशी कल्पना. सरकारी पैसा घ्यायचा नाही, हा शिल्पकाराचा हट्ट. १९८२ साली तो वारला, पत्नी रूथ यांनी काम चालवले, १९९८ साली साडेसत्त्याऐंशी फुटी चेहरा पुरा झाला, २०१४ साली त्याही गेल्या. आता मुले-नातवंडे कोरीत आहेत. पवित्र डोंगर कोरावाच कशाला, असे म्हणणारे लाकोटाही पुष्कळ आहेत.

क्रेझी हॉर्सचा हात पुढे केलेला दाखवायचा आहे. कुणा गोऱ्याने त्याला हिणवून विचारले, “आता तुझी जमीन कुठे आहे?” तेव्हा त्याने हात लांब करून सांगितले, की जिथे माझी मेलेली माणसे पुरली आहेत, तिथे, अशी ती आख्यायिका. ऊन उतरले होते. त्या अर्धवट हाताकडे पाहताना मला सकाळची ती खिडकी आठवली. एका रात्रीच्या पावतीवर आम्हाला या राज्यात कायमचा पत्ता मिळाला. व्हॅनमधल्या त्या बाईलाही मिळाला. आणि ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती, त्यांचा दावा दीडशे वर्षे झाली तरी मिटलेला नाही. हे मी मेहुण्यांना बोलून दाखवले. ते म्हणाले, “ते माझ्याही मनात आलं. पण आता त्या पत्त्यावर राहायचं, तर ते विसरून राहायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे.”

फराळाचे पार्सल

रात्री तळावर परतून पिठले-भात झाला. धुतलेल्या चादरींचा वास गाडीभर होता, टाकी भरलेली होती, नळाला पाणी होते. मोठ्या घराच्या किल्ल्या हातात असतानाही धाकटीला एवढी निवांत बसलेली मी पाहिली नव्हती. तरी मनातली शंका विचारलीच. “आजारी पडलात तर? हातपाय थकले तर?”

“तोवर हिंडायचं,” ती म्हणाली. “थकलो की एखादी खोली घेऊ. ताई, खोलीला भिंती दुसऱ्यानं घातलेल्या असतात. बाकीचं तर आपणच रोज करतो ना?”

हिवाळ्यात ते दोघे ॲरिझोनाच्या वाळवंटात उतरणार होते. थंडीच्या दिवसांत हजारो मोटारघरे तिकडे जमतात. म्हणजे दिवाळी तिथेच. “मग फराळ कुठं पाठवू?” मी विचारले. धाकटीने नवा पत्ता लिहून दिला: तिचे नाव, पेटीचा क्रमांक, रॅपिड सिटी, साउथ डकोटा. पार्सल आधी तिथे जायचे, मग तिथून ते ज्या गावी असतील तिथल्या टपालकचेरीत. टपालकचेरी ते त्यांच्या नावावर तीस दिवसांपर्यंत ठेवून घेते.

पुण्याला आल्यावर मी हिशेब केला. एवढ्या वळशात चकल्या मऊ पडतील, करंज्या फुटतील. तेव्हा शंकरपाळे केले, कडबोळी केली आणि बेसनाचे लाडू डब्यात दाबून भरले. पार्सलावर पत्ता लिहिताना आधी सवयीने शिकागोचा आकडा हातातून उतरू लागला. मग कागद बदलला आणि नवा पत्ता ठळक अक्षरांत लिहिला. पार्सल पोहोचले ते दिवाळीनंतर बारा दिवसांनी. धाकटीने कळवले, की लाडू शाबूत आहेत, त्यांतले चार शेजारच्या गाडीतल्या म्हातारा-म्हातारीला दिले, आणि वाळवंटात पणती वाऱ्याने विझते म्हणून ती दिवाळीभर गाडीच्या आत, ओट्यावर लावली.